खुर्चीच्या पाठीवरची जर्सी

वाचकाचं पत्र

आम्ही सहा मित्र गेली अकरा वर्षं माझ्या घरी एकत्र फुटबॉल बघतो. सहा जणांत चार क्लब, त्यामुळे एकमेकांची खेचणं हा अर्धा कार्यक्रमच असतो. महिन्यापूर्वी आमच्यातला एक जण नव्या सीझनची जर्सी घालून आला. छातीवर आखातातल्या एका विमान कंपनीचं नाव. आधी रंगावरून चेष्टा झाली, मग कॉलरवरून. मग दुसरा एक जण म्हणाला, ‘छातीवर कोणाचे पैसे मिरवतोयस ते तरी बघ.’ तिथून गाडी स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांवर गेली, तिथून युद्धावर, तिथून निवडणुकीवर. मॅच संपली तरी वाद संपेना. शेवटी तो दुसरा म्हणाला, ‘तुम्ही लोक असेच. तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही.’ आम्ही बाकीचे हसलो. मीही हसलो. वाटलं, हसण्यावारी जाईल. पहिल्याने टी-शर्टवर चढवलेली जर्सी काढली, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली, ‘निघतो’ म्हणाला आणि गेला. चार आठवडे झाले, तो आलेला नाही. फोन उचलतो, पण ‘काम आहे’ म्हणतो. दुसऱ्याचं म्हणणं, मी चुकीचं काय बोललो?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यापुढे ‘फक्त फुटबॉल, राजकारण नाही’ असा नियम करू का? या दोघांत बरोबर कोण? आणि ती जर्सी अजून माझ्याकडेच आहे, तिचं काय करू?

– यजमान

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. मजुरांच्या नाही, निवडणुकीच्याही नाही. ‘मीही हसलो’ या वाक्यापाशी. त्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण आधी नियमाचं बघू, नाहीतर तो तुम्ही येत्या शनिवारीच जाहीर करून मोकळे व्हाल.

तो नियम करू नका.

तुम्हाला वाटतंय की आधी जर्सीच्या साध्या गप्पा चालल्या होत्या आणि मग कुठूनतरी राजकारण घरात शिरलं. ते आधीपासून घरातच होतं, त्या जर्सीतच होतं. ब्राझीलची पिवळी जर्सी घ्या. जगातली सगळ्यात आनंदी जर्सी कुठली असं विचारलं तर दहातले आठ जण तिचंच नाव घेतील. तिचा जन्म मात्र एका दुःखातून झाला. १९५० साली ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळायचा. वर्ल्ड कपच्या शेवटच्या सामन्यात स्वतःच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेने त्यांना २-१ असं हरवलं आणि देशभर सुतक पडल्यासारखं झालं. पांढरा रंगच नकोसा झाला. १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा घेतली. अट अशी की झेंड्यातले चारही रंग त्यात हवेत. जिंकला तो आल्दिर श्ली नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. पिवळी जर्सी, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. हा मुलगा उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावातला, आणि सांगायची गोष्ट म्हणजे त्याचं मन कायम उरुग्वेच्याच बाजूने होतं. ब्राझीलला ओळख देणारा माणूस स्वतः पलीकडच्या टीमचा चाहता! कोणी त्याला देशद्रोही ठरवून ती जर्सी फाडली नाही. ती सगळ्यांची झाली.

पुढे त्याच जर्सीचं काय झालं तेही आपण पाहिलं. गेल्या दशकात एका बाजूच्या राजकीय मोर्च्यांमध्ये ती गणवेशासारखी घातली जाऊ लागली. ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझिलियात संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसलेल्या जमावात पिवळ्या जर्सी ठिकठिकाणी दिसत होत्या. त्या राजकारणाशी न पटणाऱ्या अनेकांनी आपली जर्सी कपाटात ठेवून दिली, कारण ती घालून रस्त्यात उतरलं की लोक मत गृहीत धरायचे. माणसाला मॅचच्या दिवशी स्वतःच्या देशाची जर्सी घालायची चोरी व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या मित्राने खुर्चीवर ठेवलेल्या जर्सीबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

इटलीचा निळा रंगही असाच. तो त्यांच्या झेंड्यात कुठेच नाही. तो सव्हॉय राजघराण्याचा रंग. १९४६ मध्ये लोकांनी मतदान करून राजेशाही घालवली, रंग मात्र ठेवला. त्याआधी १९३८ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सविरुद्ध, दोन्ही संघांचा रंग निळाच म्हणून जर्सी बदलायची वेळ आली, तेव्हा मुसोलिनीच्या इटलीचा संघ पॅरिसमध्ये काळ्या जर्सीत उतरला. तो काळा रंग फॅसिस्टांचा, हे स्टेडियमवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि दरवेळी वाईटच घडतं असंही नाही. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. बऱ्याच वर्षांनी राज्यांच्या गव्हर्नरांसाठी थेट मतदान होणार होतं. तेव्हा कोरिंथियन्स क्लबच्या जर्सीच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘१५ तारखेला मतदान करा.’ सॉक्रेटिससारखा खेळाडू ती घालून खेळला. अमक्याला मत द्या असं त्यावर नव्हतं, फक्त मत द्या एवढंच होतं. जर्सीवर याहून चांगली ओळ मला तरी माहीत नाही.

आता तुमच्या नियमाकडे बघा. ‘फक्त फुटबॉल’ म्हणजे यातलं काय चालेल? पिवळ्या जर्सीची गोष्ट चालेल? काळ्या जर्सीची? कोरिंथियन्सची? अर्धी गोष्ट सांगून मध्येच तोंडावर बोट ठेवायचं?

ज्यांच्या हातात नियमपुस्तक आहे त्यांनासुद्धा ही रेघ ओढता आलेली नाही. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम सांगतो की जर्सीवर राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक मजकूर चालणार नाही. वाचायला स्वच्छ वाटतो. पण २०२१ मध्ये झालेल्या युरो स्पर्धेत युक्रेनने नवी जर्सी आणली. छातीवर देशाचा नकाशा, रशियाने २०१४ मध्ये ताब्यात घेतलेल्या क्रिमियासकट, पिवळ्यावर पांढरा, नीट बघितल्याशिवाय कळणारही नाही असा. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला लागेल तिथे, आणखी एक घोषणा. रशियाने तक्रार केली. युरोपातल्या फुटबॉलची संस्था युएफा, तिने नकाशा चालेल म्हटलं, ‘युक्रेनचा विजय असो’ ही ओळही चालेल म्हटलं, पण आतली ‘वीरांचा विजय असो’ काढायला सांगितली. एका जर्सीवरच्या दोन घोषणा, एक चालते, दुसरी नाही. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर तुमच्या बैठकीच्या खोलीत रेघ ओढणार कोण? तुम्हीच. आणि जो रेघ ओढतो त्याला स्वतःचं मत ‘साधी गोष्ट’ वाटतं आणि समोरच्याचं ‘राजकारण’. हे कोणी मुद्दाम करत नाही, माझ्याकडूनही होतं. म्हणून अशा नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याला तो जाणवतही नाही. ज्याला काही टोचतंय त्याचीच तोंडं बंद होतात.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. अकरा वर्षं एकत्र बसलेली माणसं नियमाने गप्प झाली, तरी मनातलं मनात राहणार. मग ते बाहेर पडेल ऑफसाइडच्या निर्णयावरून. रेफ्रीवरून भांडाल आणि भांडण भलतंच असेल.

आता दुसरा प्रश्न, बरोबर कोण. दोघांचे क्लब तुम्ही लिहिले होते, ते मी गाळले आहेत, कारण नावं वाचली की वाचक लगेच एका बाकावर जाऊन बसतात.

तुमच्या दुसऱ्या मित्राने जो मुद्दा काढला तो खरा आहे, आणि चेष्टेत निघाला म्हणून हलका होत नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपसाठी कतारमध्ये जी स्टेडियमं उभी राहिली ती बाहेरून आलेल्या मजुरांनी बांधली. कफाला नावाच्या पद्धतीत मजुराचा तिथला मुक्काम आणि नोकरी मालकाच्या मर्जीवर बांधलेली असायची. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी सोडता येत नव्हती, कित्येकांना देशही. टीका झाल्यावर कायदे बदलले, पण तोवर किती जणांचं काय झालं हा प्रश्न उरलाच. डेन्मार्कने त्या स्पर्धेसाठी जर्सी अशी केली की त्यावरचा बॅज आणि कंपनीची खूण जवळजवळ दिसूच नये, आणि तिसरी जर्सी काळी, शोकाच्या रंगाची. हे काही हॉटेलात बसून बोलणारे लोक नव्हते, त्या स्पर्धेत खेळणारा संघ होता. तेव्हा ‘मॅच बघायला आलोय, मजुरांचं काय काढतोस’ असं कोणी म्हणालं असेल तर ते बरोबर नाही. ज्या मैदानावर आपण नव्वद मिनिटं डोळे लावून बसतो ते कोणीतरी बांधलेलं असतं. त्याची आठवण काढणारा मित्र सहा जणांत एक तरी असावा, असं मला मनापासून वाटतं.

पण पहिल्या मित्राचंही ऐका. त्याचं प्रेम त्या विमान कंपनीवर नाही. ती आज आहे, उद्या दुसरी येईल. बार्सिलोनाच्या छातीवर शंभरहून जास्त वर्षं कोणत्याच कंपनीचं नाव नव्हतं. २००६ मध्ये आलं ते युनिसेफचं, आणि त्यासाठी क्लबच पैसे द्यायचा. पाच वर्षांनी तिथे कतार फाउंडेशन आलं. २००५ पासून तो क्लब मनात बाळगणाऱ्या मुलाने २०११ मध्ये काय करायचं? मन काढून घ्यायचं? तसं होत नाही. वडिलांचा हात धरून बघितलेल्या पहिल्या मॅचवर प्रायोजकाचा करार लागू होत नाही.

चाहत्याच्या हाती काहीच नसतं असंही नाही, आणि हे तुमच्या दोघांनीही ऐकावं असं मला वाटतं. मँचेस्टर युनायटेडच्या समर्थकांनी २०१० मध्ये मालकांविरुद्ध हिरवे-सोनेरी मफलर गुंडाळले. ते क्लबच्या पहिल्या जन्माचे, न्यूटन हीथचे रंग. क्लबवर जीव ठेवून मालकाला विरोध कसा करायचा, ते त्या मफलरांनी दाखवलं. वेल्समधल्या कार्डिफ क्लबच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल करून टाकली. ज्या क्लबला लोक ‘ब्लूबर्ड्स’ म्हणतात त्याची! समर्थक निळे कपडे घालून येत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. जर्मनीत बायर्न म्युनिक क्लबच्या सभासदांनी कतारच्या विमान कंपनीशी असलेल्या करारावरून वर्षानुवर्षं सभा दणाणून सोडल्या, २०२३ मध्ये तो करार संपला. तिथल्याच शाल्के क्लबने तर २००७ पासून छातीवर असलेलं गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीचं नाव युक्रेनवर हल्ला झाला त्या दिवशीच उतरवायचं ठरवलं. म्हणजे जर्सीही घालता येते आणि प्रश्नही विचारता येतो. एकाच माणसाला, एकाच संध्याकाळी.

तर दोघंही बरोबर होते, बराच वेळ. कुठपर्यंत, ते तुमच्याच पत्रात आहे.

‘छातीवर कोणाचे पैसे मिरवतोयस’ या वाक्यात बोलणारा ‘तू’ला विचारतोय. टोमणा बोचरा आहे, पण समोर माणूस आहे, त्याचं नाव माहीत आहे, त्याने उत्तर द्यावं अशी अपेक्षा आहे. तुम्ही सहा जण एकमेकांना अकरा वर्षं अरे-तुरे करता. मग शेवटी काय आलं? ‘तुम्ही लोक असेच.’ हे ‘तुम्ही’ आदराचं नाही. खोलीत तो एकटा होता, आणि त्याच्या मागे एक गर्दी उभी केली गेली. कुठली गर्दी ते मला माहीत नाही. त्याचा पक्ष असेल, जात असेल, धर्म असेल, पगार असेल, आडनाव असेल. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत आणि मला विचारायचंही नाही. पण त्याला नक्की कळलं. अकरा वर्षं ज्या खुर्चीवर तो बसला, तिथे आपण नव्हतो, आपल्या जागी यांना ‘लोक’ दिसत होते, असं त्याला त्या क्षणी वाटलं असणार.

मी हे इतक्या खात्रीने लिहिते कारण मी स्वतः हे बोललेली आहे. एका मैत्रिणीबरोबर मी कॉलेजपासून मॅच बघायचे. तिची टीम वेगळी, मतंही वेगळी, आणि वाद घालायला तिच्याइतकं मजा आणणारं कोणी नव्हतं. एका रात्री आमची टीम हरली होती, उशीर झाला होता, आणि मी म्हणाले, ‘तुम्हा लोकांना हेच हवं असतं.’ ती काही बोलली नाही. कप उचलून आत ठेवला आणि गेली. दोन वर्षं आम्ही वाढदिवसापुरत्या उरलो. शेवटी मी तिला पत्र लिहिलं. भेटलो तेव्हा मी त्या रात्रीच्या वादाचं स्पष्टीकरण द्यायला लागले, तर तिला वाद कशावरून झाला तेच आठवत नव्हतं. टीम आठवत नव्हती, स्कोअर आठवत नव्हता. ‘तुम्हा लोकांना’ तेवढं आठवत होतं, आणि ते मी कुठल्या स्वरात म्हणाले तेही.

जेम्स मॅक्लीनची गोष्ट तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा. हा आयर्लंडचा खेळाडू, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर आला की युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ क्लबच्या जर्सीवर लाल पॉपीचं फूल छापतात. २०१२ पासून मॅक्लीन ते घालत नाही. त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं स्टेडियमभर शिव्या बसल्या, धमक्या आल्या. २०१४ मध्ये त्याने आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून कारण सांगितलं. फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी रोज घातलं असतं, असं त्यात आहे. पण ते त्यानंतरच्या संघर्षांतल्या सैनिकांसाठीही आहे, आणि तो वाढला त्या वस्तीतली माणसं १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी मेली. त्या दिवशी डेरीत निःशस्त्र मोर्चेकऱ्यांपैकी तेरा जण जागीच गेले. ज्यांना फूल घालावंसं वाटतं त्यांच्या आजोबांचं मरणही खरं आणि मॅक्लीनच्या शेजाऱ्यांचंही खरं. हजारोंच्या गर्दीला हे विचारता येत नाही. ती एका सुरात ओरडते. पण तुमच्या खोलीत सहाच जण आहेत. तिथे विचारता येतं, ‘तू का घालतोस? तुला काय वाटतं?’ सहा जणांत बसूनही गर्दीसारखंच बोलायचं असेल तर मग घरी कशाला जमायचं?

आता तुमच्या हसण्याबद्दल.

तुम्ही वाईट हेतूने हसला नाहीत, हे मला कळतं. यजमानाला घरातला ताण सहन होत नाही, आणि हसू हे ताण मोडायचं सगळ्यात जवळचं हत्यार. पण त्याच्या बाजूने बघा. एकाने त्याला ‘तुम्ही लोक’ म्हटलं, आणि चार जण हसले. बोलणारा एक होता, पण त्याच्या कानात पाच आवाज गेले. माझा अंदाज असा की त्या वाक्यापेक्षा त्याला तुमचं हसू जास्त लागलं असेल, कारण घर तुमचं होतं. तो जर्सी काढून, घडी घालून गेला. आपटून नाही, फेकून नाही. रागावलेला माणूस घडी घालत नाही. घडी घालतो तो मनाशी काहीतरी ठरवलेला.

म्हणून आधी तुम्ही जा. त्याला बोलवू नका, तुम्हीच त्याच्याकडे जा, एकटे. पाच जणांनी मिळून गेलात तर त्याला वाटेल समजूत काढायला पंचायत आली. मॅचचा दिवस टाळा, नाहीतर बोलणं अर्ध्यावर राहील आणि दोघंही टीव्हीकडे बघत बसाल. आणि गेल्यावर दुसऱ्याची वकिली करू नका. ‘तो तसा नाहीये रे, बोलून जातो’ हे वाक्य गिळून टाका. ते खरं असलं तरी तुमचं काम ते नाही. तुमचं काम इतकंच, की ‘त्या दिवशी मी हसलो. हसायला नको होतं. तू एकटा पडलास आणि मला ते दिसलं नाही.’ एवढं म्हणा आणि थांबा. पुढे ‘पण’ लावू नका. तो गप्प बसला तर बसू द्या. रागावला तर ऐका. ‘मग येतोस ना शनिवारी?’ हे तर अजिबात विचारू नका, नाहीतर त्याला वाटेल की रिकामी खुर्ची भरायला आलात.

दुसऱ्या मित्राशीही बोला, तेही एकट्यानेच. त्याला माफी मागायला भाग पाडू नका. ढकलून मागवलेली माफी दोघांनाही नको असते. त्याला त्याचा मुद्दा परत द्या. ‘मजुरांचं तू बोललास ते बरोबर होतं, आणि शेवटच्या वाक्याने तूच ते घालवलंस’ असं सांगा. ‘मी चुकीचं काय बोललो’ असं तो विचारतोय ना, तर त्याला उत्तर हवंय. आजवर कोणी दिलं नसेल. त्याला बोट ठेवून दाखवा, हे वाक्य, हे दोन शब्द. बाकीचं सगळं त्याने पुन्हा बोलावं, खुशाल.

उरलेल्यांत एखादा असा असेल की जो राजकारणावर कधीच बोलत नाही. प्रत्येक कंपूत असतो. आपण त्याला शहाणा समजतो. एकदा त्याच्याही बाजूला जाऊन बसा. काही जण गप्प असतात कारण त्यांना रस नसतो. पण काही जण गप्प असतात कारण पुढचं ‘तुम्ही लोक’ आपल्यावर येणार हे त्यांना आधीच माहीत असतं.

नियम नको म्हटलं, पण एक सवय लावता येईल. कोणाच्याही तोंडून ‘तुम्ही लोक’, ‘तुमच्यातले’, ‘तुमचं नेहमीचंच’ असं काही आलं की जवळ बसलेल्याने लगेच म्हणायचं, ‘नाव घे.’ बस. कोण लोक? याचं नाव घेऊन बोल. नाव घेतलं की वाक्य बदलावं लागतं. ‘तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही’ याच्या जागी ‘अमुक, तुला याचं काही वाटत नाही का?’ असं म्हणावं लागतं, आणि तो प्रश्न होतो. प्रश्नाला उत्तर देता येतं. पहिले काही वेळा हे अवघड जाईल, कोणीतरी चिडेल. तरी म्हणा. आणि म्हणायचा पहिला मान यजमानाने घ्यावा.

वेळेचंही भान ठेवा. हाफटाइमला वाद फार वाढत नाहीत, कारण पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजणार असते. बिघडतं ते मॅचनंतर, जेव्हा एकाची टीम हरलेली असते, सगळे दमलेले असतात आणि उठायची घाई कोणालाच नसते. तुमचंही तसंच झालं. अशा वेळी ‘हे पुढच्या शनिवारी, मॅचच्या आधी’ असं म्हणायला हरकत नाही. पण मग पुढच्या शनिवारी विषय खरंच काढा. टाळण्यासाठी पुढे ढकललात तर तोही नियमच झाला.

आणि राजकारण चाहत्यांना फक्त तोडतं असं कोणी म्हणालं तर त्याला २०१३ चं इस्तंबूल सांगा. गेझी पार्कच्या सरकारविरोधी आंदोलनात गलातासराय, फेनरबाचे आणि बेशिक्ताश या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या क्लबांचे समर्थक एकाच रस्त्यावर होते, आपापल्या रंगांत. किंवा ऑगस्ट २०२४ चं कोलकाता. एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. शहर पेटलं होतं आणि मोहन बगान-ईस्ट बंगालची डर्बी रद्द केली गेली. मॅच नव्हती तरी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले, शहरातला तिसरा मोठा क्लब मोहमेडन, त्याचेही आले. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी, एरवी ज्यांची तोंडं वेगळ्या दिशेला असतात, ते एकाच मागणीसाठी एकाच बाजूला उभे राहिले. कोणी आपली जर्सी काढली नाही. ती घालूनच आले होते.

राहिली तुमच्याकडची जर्सी. ती धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून नेण्याचा मोह होईल. न्या, पण दारात ती पुढे करू नका. आधी वस्तू हातात दिलीत तर हिशेब चुकता करायला आल्यासारखं दिसेल. आधी ते वाक्य बोला, मग जर्सीचं विचारा. त्याला हवी असेल तर देऊन या. ‘राहू दे तुझ्याकडे’ म्हणाला, तर कारण विचारू नका. परत आणा आणि त्याच खुर्चीच्या पाठीवर ठेवा. तोवर त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसू देऊ नका.